काडापासून तेल: किती निघालं ते नंतर, आधी कार्बन कुठे गेला ते पाहू

जलतापी (मूळ धागा)

पिकांच्या अवशेषांपासून तेल करण्याबद्दल इथे अधूनमधून एखादी बातमी चिकटवली जाते. इतकं काड, इतकं तेल, एवढाच मजकूर. खाली 'छान', 'हे आधी का नाही केलं' असे प्रतिसाद येतात आणि धागा मागे पडतो. मी काही वर्षं याच कामावर आहे. छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये (जाड भिंतीच्या बंद दाबपात्रात) भाताचा पेंढा, तुराट्या, मक्याची धाटं असं बरंच काही तापवून पाहिलंय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

प्रक्रियेचं नाव जलऔष्णिक द्रवीकरण. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे एचटीएल म्हणतात. अवशेष बारीक दळायचे, पाण्यात कालवून लगदा करायचा, तो बंद भांड्यात साधारण २५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि पाण्याची वाफ होणार नाही इतका दाब ठेवायचा. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. थंड करून भांडं उघडलं की चार वाटे निघतात. वायू, ज्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गडद तपकिरी पाणी. तळाला आणि भिंतींना चिकटलेलं काळं, डांबरासारखं तेल, ज्याला बायोक्रूड म्हणतात. आणि कोळशासारखा घन भाग. धुराचा वास इतका पक्का असतो की हाताला लागलं तर दोन दिवस जात नाही.

यात खरं काम पाणी करतं. प्रेशर कुकरमध्ये दाब हवेच्या दुप्पट असतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत द्रव राहतं. तीच गोष्ट पुढे नेली तर ३०० अंशांना पाणी द्रव ठेवायला ८६ बार दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब), ३५० अंशांना १६५ बार. ३७४ अंश आणि २२१ बारला द्रव आणि वाफ हा भेदच संपतो. त्या टोकाच्या थोडं अलीकडे पाण्याचा स्वभाव पार बदललेला असतो. पाणी विद्युतभारित पदार्थ किती सहज विरघळवतं हे सांगणारा आकडा म्हणजे विद्युत-अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट). नेहमीच्या पाण्याचा तो ८० च्या आसपास, ३०० अंशांना तो २० च्या घरात, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या अ‍ॅसिटोनइतका. एरवी पाण्यात न विरघळणारे तेलकट रेणू त्यात विरघळू लागतात. शिवाय पाण्याचे रेणू फुटून तयार होणाऱ्या आयनांचा गुणाकार शेकडो पटींनी वाढतो, त्यामुळे तेच पाणी आम्ल म्हणूनही काम करतं आणि अल्क म्हणूनही. बाहेरून काही न घालता काडाची वीण उसवायला सुरुवात होते.

काड मुख्यतः तीन पदार्थांनी विणलेलं असतं. त्यातलं आधी हेमिसेल्युलोज सुटतं, १८०-२०० अंशांच्या आसपास. मग सेल्युलोज. लिग्निन तुकड्यातुकड्यांनी सुटतं आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉलसारखी फिनॉल वर्गातली संयुगं येतात. धुराचा वास त्यांचाच. साखरा सुट्या झाल्या की त्या तशाच राहत नाहीत. काहींतून पाणी निघून फरफ्युरलसारखे पदार्थ होतात, काहींचे तुकडे पडून सेंद्रिय आम्लं होतात, आणि हे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून काही तेलात जातात, काही कोळशात.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच, ऑक्सिजन काढणं. कोरड्या काडात वजनाच्या ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असतो. म्हणून किलोला १७ मेगाज्यूलच्या आसपासच उष्णता मिळते. एचटीएलच्या तेलात तो १० ते २० टक्क्यांवर येतो आणि उष्मांक ३० ते ३७ मेगाज्यूलवर जातो. खनिज तेल ४२ च्या आसपास असतं.

आता माझा मुद्दा. नुसता तेलाचा आकडा ऐकून मत बनवू नका. काडात शिरलेला प्रत्येक किलो कार्बन या चार वाट्यांपैकी कुठे गेला ते विचारा. हिशेबाला सोपं म्हणून १०० किलो कोरडं काड धरू. त्यात ४५ किलो कार्बन. २५ किलो तेल निघालं, त्यात ७२ टक्के कार्बन, म्हणजे १८ किलो. उरलेल्या २७ पैकी समजा ५ वायूत, ९ कोळशात आणि १३ पाण्यात. हे आकडे हिशेबासाठी धरलेत, पण प्रत्यक्षात चित्र बरंचसं असंच असतं. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त कार्बन त्या तपकिरी पाण्यात विरघळून बसतो आणि बातमीत त्याचा शब्दही नसतो. त्या पाण्याचं काय करायचं याला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे प्रक्रिया नाही. एक प्रयोग आहे फक्त.

नवशिकी

वाचनखूण साठवली. एक प्राथमिक प्रश्न. हवेशिवाय तापवून तेल काढतात ते पायरोलिसिस मी अभ्यासात वाचलंय. मग हे वेगळं कशासाठी? तिथे तर ६०-७० टक्के तेल मिळतं असं लिहिलं होतं. २५ टक्के त्यापुढे फार कमी वाटतात.

षट्कोन

इथे 'तेल' या एका शब्दाने घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

जलद पायरोलिसिसमध्ये कोरडा भुसा ५०० अंशांच्या आसपास एक-दोन सेकंद तापवतात आणि निघालेली वाफ झटकन थंड करतात. लाकडापासून ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो हे बरोबर. पण त्या द्रवात १५ ते ३० टक्के पाणीच असतं, ऑक्सिजन ३५-४० टक्के, सामू २-३ आणि उष्मांक १६ ते १९. म्हणजे काडाइतकाच. काड पातळ झालं, बांधून न्यायच्या ऐवजी टाकीत भरता आलं, हा फायदा नक्की आहे. पण ते डिझेलमध्ये मिसळत नाही, साठवलं तर महिन्यागणिक घट्ट होत जातं आणि साध्या पोलादाला खातं. काडाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या राखेतलं पोटॅशियम त्या वाफांचे तुकडे करतं, त्यामुळे लाकडाइतका द्रव काडातून मिळत नाही.

तेव्हा तुलना वजनाची न करता उष्णतेची करा. वरच्या उदाहरणात २५ किलो तेल, किलोला ३३ मेगाज्यूल धरले तर ८२५ मेगाज्यूल. काडात होते सुमारे १७००. म्हणजे निम्मी ऊर्जा पाव वजनात आली.

पायरोलिसिस कमी दर्जाचं आहे असं मला म्हणायचं नाही. ते साध्या दाबावर चालतं, ही फार मोठी सोय आहे. नेदरलँड्समध्ये हेंगेलो इथे आणि फिनलंडमध्ये योएन्सू इथे व्यापारी संयंत्रं उभी राहिली, लाकडावर. एचटीएल अजून तितकं पुढे गेलेलं नाही.

जलतापी

षट्कोन, धन्यवाद. एक भर घालते. पायरोलिसिसला माल १० टक्क्यांहून कमी ओलाव्याचा लागतो. एचटीएलला ओला चालतो, नव्हे, ओलाच लागतो. म्हणून ही पद्धत शेवाळ, सांडपाण्याचा गाळ, शेण यांच्यासाठी अगदी स्वाभाविक आहे. काडाच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं: शेतात वाळलेलं काड आधीच कोरडं असतं आणि आपण त्यात मुद्दाम पाणी घालतो. हा आक्षेप रास्त आहे.

ताळेबंद

तोच आक्षेप घ्यायला आलो होतो. कोरड्या वस्तूत पाणी घालायचं, मग ते सगळं पाणी ३०० अंशांपर्यंत तापवायचं. यात तेलातून मिळणारी ऊर्जा तापवण्यातच जात नाही का? कुणी आकडे मांडेल का?

जलतापी

मांडते. कागद-पेन्सिल घेऊन तपासा.

लगद्यात १५ टक्के घन भाग धरला तर १०० किलो काडाला ५६७ किलो पाणी लागतं. पाणी २५ वरून ३०० अंशांपर्यंत द्रव ठेवूनच न्यायला किलोमागे सुमारे १.२४ मेगाज्यूल लागतात. गुणाकार केला की ७०३. काड स्वतः तापायला आणखी ४०-५०. म्हणजे ७५० मेगाज्यूल. आणि तेलातून मिळतात ८२५. तुमची शंका अगदी योग्य आहे. एवढ्यावर थांबलं तर हाती जवळपास काहीच उरत नाही.

पण पाण्याची वाफ झालेली नाही, ही गोष्ट इथे कामी येते. २५ अंशांचं पाणी उकळून उडवून टाकायला किलोमागे जवळपास २.६ मेगाज्यूल लागतात आणि वाफ हवेत गेली की ती उष्णता परत मिळवणं अवघड. इथे ३०० अंशांचा लगदा बाहेर येतो, थंड लगदा आत जातो, दोघांना हीट एक्स्चेंजरमध्ये शेजारून नेलं की बाहेर जाणारा आत येणाऱ्याला तापवतो. ८० टक्के उष्णता परत मिळाली तर बाहेरून द्यायला लागतात फक्त १५० मेगाज्यूल. तेवढे उरलेल्या कोळशातूनही निघू शकतात.

आणि दाब? दाब फार ऊर्जा खात असेल असं वाटतं, पण द्रव जवळपास दबतच नाही. पाऊण घनमीटरहून थोडा कमी लगदा १५० बारला न्यायला दहा मेगाज्यूलच्या आसपास. पंपाची कार्यक्षमता धरून दुप्पट म्हणा. तरी एकूण हिशेबात किरकोळ.

त्यामुळे हे सगळं गणित एका एक्स्चेंजरवर उभं आहे. घन भाग १५ वरून १० टक्क्यांवर आणला तर त्याच काडाला पाणी ९०० किलो लागतं आणि हिशेब पुन्हा कोलमडतो. घट्ट लगदा पंपात जात नाही, पातळ लगदा परवडत नाही. या चिमट्यात आम्ही सगळे अडकलेलो आहोत.

पान्हा

माझं काम उच्च दाबाच्या पाइपिंगचं. रसायनशास्त्र येत नाही, पण त्या 'एका एक्स्चेंजर'बद्दल बोलू शकतो.

काडाचा लगदा पाण्यासारखा वाहत नाही. दाब दिला की पाणी पुढे पळतं आणि तंतू मागे राहतात. मग व्हॉल्व्हच्या तोंडाशी, कोपऱ्यावर किंवा नळीचा व्यास बदलतो तिथे दट्ट्या बसतो. मी एका ठिकाणी उघडलेल्या पंपात अक्षरशः दोरखंड वळल्यासारखा पीळ निघाला होता, हाताने ओढून काढावा लागला. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक दळलं तर निभतं, पण काडाचे तंतू चिवट, दळणयंत्राची ऊर्जा वाढत जाते आणि सिलिकामुळे पाती बोथट होतात.

दुसरी बाजू दाब उतरवण्याची. दीडशे बारवरून साध्या दाबावर येताना व्हॉल्व्हच्या फटीतून जो वेग येतो, त्यात वाळूचा कण असला तर तो धातू कापतो. भाताच्या पेंढ्यात राख १५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त, आणि राखेत बहुतांश सिलिका. म्हणजे प्रत्येक टनामागे दीडशे किलो घर्षण-पावडर आपण होऊन पाइपात सोडतोय.

तिसरी गोष्ट एक्स्चेंजरची. सिलिका गरम पाण्यात, त्यातही अल्क असलेल्या पाण्यात विरघळते. थंड होताना बाहेर पडते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर काचेसारखा थर धरते. भूऔष्णिक वीजकेंद्रांना हा त्रास रोजचाच आहे. थर चढला की उष्णता परत मिळण्याचं प्रमाण उतरलं, आणि वर काढलेला हिशेब उतरला. शिवाय काडात क्लोराइड असतं. गरम पाणी, क्लोराइड आणि ताणाखाली असलेलं स्टेनलेस स्टील एकत्र आलं की केसासारख्या भेगा पडतात. म्हणून निकेलच्या मिश्रधातूंकडे जावं लागतं.

हे नवं नाही. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या अल्बनी इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाकडाचं द्रवीकरण करणारं पथदर्शी संयंत्र चाललं. तेल निघालं. लगदा पंप करणं ही तिथलीही मोठी डोकेदुखी होती. १९८० च्या दशकात शेलने नेदरलँड्समध्ये ३३०-३५० अंशांवर हीच पद्धत विकसित केली. तेल होतं का, हा प्रश्न केव्हाच सुटलाय. न थांबता महिनोन्महिने चालतं का, हा प्रश्न आहे.

जलतापी

पान्हा, हा प्रतिसाद मला फार मोलाचा वाटतो. आमच्यासारखे बंद भांड्यात एकेक घाणा करणारे लोक पंपाचा विचारच करत नाहीत, कारण आम्हाला पंप लागत नाही.

उपायांच्या दिशा आहेत. काड अल्कात आधी मुरवलं तर तंतू मऊ पडतात. सांडपाण्याच्या गाळात किंवा शेणात मिसळलं तर लगदा एकजीव होतो, पाणी सुटून पुढे पळत नाही आणि वेगळं पाणी घालावंही लागत नाही. हे मला काडासाठी सगळ्यात पटणारं वाटतं. डेन्मार्कमध्ये आरहुस विद्यापीठाच्या पथदर्शी संयंत्रात लगदा पाइपात मागेपुढे हेलकावत पुढे नेतात. त्याने उष्णता चांगली पोचते. त्यांनी गाळ आणि शेवाळाबरोबर मिस्कॅन्थस हे गवतही चालवून दाखवलंय.

काळी माती

मी शेती करतो. लेख दोनदा वाचला. सगळे जण काड 'वाया' जातं असं धरून चालले आहेत, त्यावर बोलायचंय.

काड शेतात राहिलं तर जमिनीवर पांघरूण होतं. पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, ओल टिकते, गांडुळाला खाणं मिळतं, सेंद्रिय कर्ब राहतो. ते जाळणं वाईट, यात वाद नाही. पण जाळलं तरी पालाश, म्हणजे पोटॅशियम, निदान राखेत शेतातच राहतो. तुम्ही काड उचलून नेलंत तर तोही गेला. कोरड्या काडात एक ते दोन टक्के पालाश धरला तर टनामागे दहा ते वीस किलो. मग तो विकत आणून घालायचा का?

आणि 'पिकांचे अवशेष' हा एकच ढीग नाही. कडबा जनावरांचं पोट भरतो, त्याला हात लावू नका. पाचट आच्छादनाला उत्तम. पऱ्हाट्या आणि तुराट्या मात्र लवकर कुजत नाहीत, जनावर खात नाही, आणि पऱ्हाटीत बोंडअळीचे कोष राहतात म्हणून ती शेतात ठेवायचीही पंचाईत. तुम्हाला न्यायचंच असेल तर तिथून सुरुवात करा.

जलतापी

काळी माती, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. 'वाया' हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. किती उचलता येईल हे माती, उतार, पाऊस यांवर ठरतं आणि ते शेतातून ठरायला हवं, संयंत्राच्या भुकेवरून नाही.

तुमची निवड रसायनशास्त्रालाही धरून आहे. पऱ्हाट्या-तुराट्या लाकडासारख्या, लिग्निन जास्त, राख भाताच्या पेंढ्याच्या मानाने बरीच कमी. लिग्निन जास्त म्हणजे साधारणपणे तेल जास्त, आणि सिलिका कमी म्हणजे पान्हा यांची निम्मी तक्रार कमी.

पालाशाचं सांगते. तो तेलात जवळपास जात नाही, पाण्यात उतरतो. स्फुरद बहुतेक घन भागात कॅल्शियमबरोबर अडकून राहतो. म्हणजे दोन्ही परत शेतात नेता येण्याजोगी आहेत. पण ते पाणी जसंच्या तसं शेतात सोडायचं नाही. त्यात फिनॉलं असतात, मुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना ती घातक. आधी त्यातला कार्बन काढून घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा पाण्याचाच प्रश्न.

नवशिकी

आमच्या गटाला एका छोट्या प्रकल्पासाठी हे करून पाहायचंय. जाड स्टीलचा पाइप, दोन्ही बाजूंना आट्यांचं झाकण, बाहेरून तापवायचं. लहान प्रमाणात चालेल ना?

जलतापी

नाही. कृपया करू नका. कारण सांगते, नुसतं 'धोकादायक' म्हटलं तर पटत नाही.

पाणी तापलं की फुगतं. ३०० अंशांना द्रव पाण्याची घनता लिटरला ७१० ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे थंड असताना एक लिटर असलेलं पाणी १.४ लिटर होतं. भांडं तीन चतुर्थांश भरलं असेल तर २८० अंशांच्या सुमारास आतली मोकळी जागा संपते. तोपर्यंत दाब वाफेच्या तक्त्याप्रमाणे शिस्तीत चढत असतो. जागा संपली की आत फक्त फुगू पाहणारा द्रव उरतो आणि पुढच्या काही अंशांत दाब उभा चढतो. काटा पाहून बर्नर बंद करायलाही वेळ मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी शिकत होते तिथे माझ्याच सहकाऱ्याने आणि मी मिळून भांडं जास्त भरलं. पाणी मोजून घेतलं होतं, पण ओल्या धाटांमधलं पाणी धरायचं राहिलं. सुरक्षेची चकती फुटली. ती फुटण्यासाठीच असते आणि तिची वाट जाड भिंतीपलीकडे काढलेली होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण तो आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर आजवर मी भांडं अर्ध्याच्या वर भरलेलं नाही, आणि मालातल्या ओलाव्याचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय झाकण लावत नाही. आट्यांच्या झाकणाच्या पाइपला चकती नसते. तिथे फुटतो तो पाइप.

प्रकल्पच करायचा असेल तर हिशेबाचा करा. वेगवेगळ्या अवशेषांची राख, कार्बन, ओलावा मोजा आणि ऊर्जेचा ताळेबंद मांडा. त्याची खरंच गरज आहे.

पान्हा

वरच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. दाबपात्र घरी बनवत नाहीत.

षट्कोन

मूळ मुद्द्याकडे येतो. तेलाचा टक्का वाचताना तीन गोष्टी पाहायला शिका. एक, टक्का कशाच्या वजनावर काढलाय; राख वजा करून काढला तर पेंढ्याचा आकडा आपोआप फुगतो. दोन, तेल वेगळं कसं केलं. प्रयोगशाळेत भांडं धुवायला डायक्लोरोमिथेन किंवा अ‍ॅसिटोन वापरतात, आणि अ‍ॅसिटोन घन भागाला चिकटलेले जड रेणूही ओढून आणतं. ते सगळं 'तेल' म्हणून मोजलं जातं. मोठ्या संयंत्रात कुणी टनावारी द्रावक ओतून धुणार नाही. तिथे जे आपोआप वेगळं होईल तेच तेल. तीन, तापवायला किती वेळ लागला. ऑटोक्लेव्ह ३०० अंशांना पोचायला तासभर घेत असेल तर साखरा वाटेतच आपापसात जोडून कोळसा झालेल्या असतात. लहान नळी तापलेल्या वाळूत बुडवली तर काही मिनिटांत पोचते आणि निकाल वेगळा येतो. दोन्ही अहवालांत तापमान ३०० च लिहिलेलं असतं.

अल्काबद्दलही. लगदा आम्लधर्मी झाला की फरफ्युरलसारखे रेणू कोळशाकडे झुकतात. पोटॅशियम कार्बोनेट घातलं की ती वाट अडते आणि तेल वाढतं. पण प्रक्रिया चालते तशी आम्लं तयार होत राहतात आणि सामू घसरतो, त्यामुळे सुरुवातीचा सामू सांगून उपयोग नाही, शेवटचा सांगा.

ताळेबंद

आणि तेलाचं पुढे काय? १०-२० टक्के ऑक्सिजन असलेलं ते डांबर इंजिनात तर घालत नसतील.

जलतापी

नाही घालत. बॉयलरमध्ये जाळता येतं. इंजिनासाठी हायड्रोजन देऊन उरलेला ऑक्सिजन काढावा लागतो, रिफायनरीत गंधक काढतात तसाच, कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर. १०० किलो तेलात १५ टक्के ऑक्सिजन असेल तर तो पाणी करून बाहेर काढायला किमान १.९ किलो हायड्रोजन लागतो. पायरोलिसिसच्या ३८ टक्क्यांना तोच हिशेब पावणेपाच किलोंवर जातो. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्तच लागतो, कारण हायड्रोजन दुहेरी बंधांमध्येही खर्च होतो. तेलात पोटॅशियम, सिलिका राहिली तर ती उत्प्रेरकाची छिद्रं बुजवतात. म्हणजे राखेचा प्रश्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

आता पाणी. तीन वाटा मला माहीत आहेत. पहिली, जिवाणूंकडून मिथेन करवून घेणं; अ‍ॅसेटिक आम्ल त्यांना आवडतं, फिनॉलं त्यांना मारतात, म्हणून पाणी पातळ करून हळूहळू सवय लावावी लागते. दुसरी, रुथेनियमच्या उत्प्रेरकावर दाबाखालीच त्या कार्बनचा वायू करणं. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. वायू छान मिळतो, पण गंधक उत्प्रेरकाला विषासारखं बाधतं. तिसरी वाट मला सगळ्यात जवळची: तेच पाणी पुढच्या घाण्याला वापरायचं. ताज्या पाण्याची गरज कमी होते, पोटॅशियम त्यातच असल्याने अल्काचा उत्प्रेरक पुन्हा घालावा लागत नाही, आणि पाणी सेंद्रिय पदार्थांनी आधीच भरलेलं असल्यामुळे पुढच्या घाण्यातला जास्त कार्बन तेलाकडे वळतो. पहिल्या काही फेऱ्यांत तेल वाढताना दिसतं.

पण पाणी फिरवत राहिलं की क्लोराइडही साचत जातं, आणि पान्हा यांनी सांगितलेल्या भेगांची भीती फेरीगणिक वाढते. कधीतरी काही भाग बाहेर काढावाच लागतो. किती आणि केव्हा, हे प्रत्येक अवशेषासाठी वेगळं मोजावं लागेल.

काळी माती

तो जो भाग बाहेर काढाल, त्यातच माझा पालाश असेल ना?

जलतापी

हो, आणि बराच घट्ट झालेला.

मी पुढच्या आठवड्यात पऱ्हाट्यांचे घाणे लावते आहे, तेच पाणी पाच वेळा फिरवून. प्रत्येक फेरीनंतर चारही वाट्यांतला कार्बन मोजेन. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर पाण्यातलं पोटॅशियम आणि क्लोराइड हे दोन रकानेही वहीत आखून घेतलेत.

पान्हा

भांड्याच्या आत स्टीलची एक छोटी पट्टी टांगून ठेवता येईल का? आधी आणि नंतर वजन करा. क्लोराइडचा परिणाम तिच्यावरही दिसेल.

जलतापी

येईल. जागा आहे. भेगा दिसायला तिला ताण लागेल, तर वाकवून टांगू की सरळ?

पान्हा

दोन टांगा. वजनाला एक सरळ, आणि दुसरी इंग्रजी यू आकारात वाकवून, टोकं बोल्टने आवळून. बोल्टही त्याच धातूचा घ्या.